दादरा

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर भाच्याचा निरोप. जर्मनीत शिकायला गेला आणि तिथं घरी बिअर करायचा नाद लागला. "मामा, दोन आठवडे म्हणून ठेवलेला डबा इसरलोच की. सहा झाले. ओतून टाकू?"

इसरलोच की! म्हणजे एवढं कोल्हापूर अजून शिल्लक आहे म्हणायचं.

आपल्याकडं विसरून चालत नाही. गुऱ्हाळावर काहिलीतला पाक ११८ अंशांच्या आसपास आला, की गुळव्या त्याचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. गोळी जमली की काहील लगेच उतरली पाहिजे. जरा उशीर झाला तर गूळ काळपट, कडवट. बिअरचं तसं नाही. ती भलतीच सोशिक.

२० लिटरचा डबा, १८ ते २० अंशांची खोली, एल जातीच्या बिअरचं साधं यीस्ट. बहुतेक साखर पहिल्या आठवड्यातच खाऊन होते, पाण्याची घनता १ धरली तर १.०५० ची घनता १.०१२ च्या आसपास येते. एअरलॉकची, म्हणजे झाकणावरच्या पाणी भरलेल्या नळीची, बुडबुड थांबली की लोक काम संपलं म्हणतात. बुडबुड्यांवर कसला विश्वास ठेवायचा? झाकण सैल असेल तरी ते थांबतात, खोली तापली तरी पुन्हा सुरू होतात. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरनं दोन-तीन दिवसांच्या अंतरानं तोच आकडा दाखवला तरच खरं. त्याआधी बाटल्या भरल्या तर त्या फुटतात.

साखर संपल्यावर यीस्ट स्वतःचंच खरकटं आवरायला घेतं. लोण्यासारखा वास, हिरव्या सफरचंदासारखी चव, हे सगळं तेच शोषून घेतं. मग तळाशी बसतं, वरची बिअर नितळ होते. घाई करणाऱ्यांना हे कधी चाखायलाच मिळत नाही.

तळाचा गाळ कुजेल ही भीती मोठ्या कारखान्यांतून आली. तिथं उंच टाक्यांत यीस्टवर बिअरचा केवढा तरी दाब असतो, शिवाय बुडाशी उष्णता साठते. घरच्या डब्यात, थंड जागी, महिना-दीड महिन्यात सहसा काही होत नाही. रबरासारखा किंवा मटण शिजवलेल्या पाण्यासारखा, म्हणजे अळणीसारखा वास आला तर मात्र समजावं. अळणी पांढऱ्या रश्शातच बरी.

खरा धोका वरून. एअरलॉकमधलं पाणी आटतं आणि हवेला वाट मिळते. मग बिअरला भिजल्या पुठ्ठ्याची चव येते. चिलटं आत शिरली तर सिरका. पाणी दर आठवड्याला बघावं, एवढंच. हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या, वासासाठी केलेली बिअर तेवढी लवकर भरावी, तो वास टिकत नाही. आणि महिनोन् महिने राहिलेल्या बिअरमध्ये जिवंत यीस्ट कमी उरतं, म्हणून भरताना लिटरला ६ ग्रॅम साखरेबरोबर चिमूटभर ताजं यीस्टही घालावं. नाहीतर फेसाची वाट बघत बसावं लागतं.

लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचे ते आठवा. पांढरं फडकं, सुतळीच्या गाठी, आणि त्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईची नजर. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं बरणीभोवती घोटाळायची. फोड मुरली का बघायला ओला चमचा घातला, की आठवड्यात वर पांढरी बुरशी. मग बरणीपेक्षा पोराचंच लोणचं व्हायचं. कारण कुणी सांगत नसे. हात लावायचा नाही म्हणजे नाही.

भाच्याला लिहिलं, "ओतू नकोस. खालच्या तोटीतून पेलाभर काढ, वास घे, घनता बघ, चव घे. बरी लागली तर भर. वर झाकण उघडू नकोस."

पाच मिनिटांनी उत्तर आलं.

"मामा, झाकण चारदा उघडून बघितलंय. आता?"