सान निकोलासचा मुक्काम

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागो शहराकडे जाणारी ख्रिस्ती पदयात्रा. फ्रान्सच्या बाजूने सुरू होणारी तिची प्रसिद्ध वाट सान्तियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटर आहे. तिथल्या संत याकोबाच्या, येशूच्या एका शिष्याच्या, कबरीकडे लोक हजार वर्षांहून अधिक काळ चालत जाताहेत. वाट दाखवणारे पिवळे बाण बघायचे, पावलं टाकायची, संध्याकाळी मुक्कामी पोचून यात्रेच्या पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. फोडांवर आणि पावसावर पुष्कळांनी लिहिलंय. मला एका मुक्कामाबद्दलच सांगायचंय.

कास्त्रोहेरिस गाव सोडलं की खडी चढण, मग उतार, मग उघडंबोडकं रान. पिसुएर्गा नदीच्या पुलाआधी सान निकोलास लागतं. तेराव्या शतकातलं दगडी चॅपेल, आतच जेमतेम डझनभर खाटा. इटलीतला याकोबभक्तांचा एक संघ ही जागा सांभाळतो. आत वीज नाही, जेवण मेणबत्त्यांच्या उजेडात. त्याआधी सगळ्यांना वेदीजवळ बसवतात. एक जण पाणी ओततो, एक वयस्क बाई खाली भांडं धरतात. पाऊल धुतात, पुसतात आणि त्याचं चुंबन घेतात.

माझी पाळी आली तेव्हा मी पाय मागे घेतला. दिवसभर बुटात शिजलेला पाय तो, लाज वाटणारच. येशू शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्राचीही हीच गत झाली होती. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, असं तो प्रभूला म्हणाला होता. सेवा करणं मला जमतं (निदान तसा माझा समज आहे), करून घेणं फार जड जातं. बाईंनी काही समजावलं नाही. भांडं धरून थांबल्या. शेवटी मीच पाय पुढे केला.

प्रभूच्या पुन्हा येण्याची तयारी म्हटलं की मंडळीतली (चर्चमधली) चर्चा चिन्हांकडे वळते. भूकंप, युद्धं, कुणीतरी मांडलेलं तारखांचं गणित. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही असं प्रभूनेच सांगितल्यावर हा उद्योग कशाला, मला कळत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात २४ व्या अध्यायात विश्वासू दास कोण, तर घरच्यांना वेळेवर जेवण देताना धन्याला सापडेल तो. लूकच्या १२ व्या अध्यायात याहून नवल आहे. दास कंबर बांधून, दिवे लावून वाट बघताहेत. आणि धनी येतो तो स्वतःच कंबर बांधतो, त्यांना पंगतीला बसवतो, वाढतो. चाकरांना वाढणारा धनी!

सान निकोलासला आज कोण येईल, कुणालाच माहीत नसतं. तरी झाडलोट झालेली, पाणी भरून ठेवलेलं. पगार नाही. काही दिवस सेवा करून ही माणसं घरी जातात, दुसरी येतात. जेवणानंतर मी त्या बाईंना विचारलं, रोज तेच करून कंटाळा नाही येत?

“येतो की,” म्हणाल्या आणि भांडी विसळायला वळल्या. मी पुसायला फडकं उचललं, तर त्यांनी ते हातातून काढून घेतलं.

“उद्या संध्याकाळी कुठेतरी पोचालच ना? तिथेही भांडी असतील.”