गटारीनंतरचा समुद्र : कोरियात किनारा निवडताना आलेला अनुभव

२०२४ च्या मे महिन्यात आई गुहागरहून आमच्याकडे दक्षिण कोरियातल्या सुवॉनला तीन महिन्यांसाठी आली आणि आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने विचारले की, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या देशात तुम्ही राहता, तर मला समुद्र कधी दाखवणार? प्रश्न साधा होता, उत्तर शोधायला मात्र आम्हांला जवळपास दोन महिने लागले. चार माणसांच्या चार अटी होत्या. पत्नीला बुसानचा हेउंदे किनारा पाहायचा होता, सात वर्षांच्या लेकीला पाण्यात डुंबायचे होते आणि तिला पोहणे जेमतेम येत होते, आईला गुडघ्यांमुळे वाळूत फार चालता येत नव्हते, आणि आमच्याकडे गाडी नसल्यामुळे जिथे रेल्वे किंवा बस जाते तिथेच जाणे मला शक्य होते.

सुरुवातीला मी या गोष्टीकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही. सगळ्यांत जवळचा किनारा गाठावा, एक दिवस घालवावा आणि आईची इच्छा पुरी करावी, एवढाच विचार करून वटपौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही इंचॉन विमानतळाजवळच्या उरवांगनी किनाऱ्यावर गेलो. निघण्यापूर्वी आईने कोकणातल्या नेहमीच्या पद्धतीने हिशेब मांडला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी वद्य द्वितीया होती, म्हणजे दीडच्या सुमारास पूर्ण भरती. दोन गाड्या आणि एक बस बदलून आम्ही साडेबाराला पोहोचलो, तेव्हा समोर समुद्र नव्हता. करड्या चिखलाचे चकाकणारे मैदान लांबवर पसरले होते आणि त्याच्या पलीकडे पाण्याची एक बारीक रेघ दिसत होती. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "समुद्र दाखवतो म्हणालास आणि खाजण दाखवलंस."

तो दिवस अगदीच वाया गेला असे मी म्हणणार नाही. चिखलात एक कोरियन आजी उकिडवी बसून होमीने, म्हणजे आपल्या खुरप्यासारख्या वाकड्या पात्याच्या अवजाराने, शिंपल्या काढत होती. आईने चपला हातात घेतल्या, गुडघ्यांची तक्रार विसरून ती तिच्याजवळ गेली आणि बादलीत डोकावून "तिसऱ्याच की या!" असे मराठीतच म्हणाली. आजीने मान डोलावली आणि दोन शिंपल्या काढून आईच्या तळहातावर ठेवल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्दही कळत नव्हता, तरी पंधरा मिनिटे त्यांचे बोलणे चालले होते.

घरी आल्यावर मात्र मी प्रथमच नीट वाचायला बसलो. उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) चंद्रावर ठरतात, म्हणून ते गुहागरला आणि इंचॉनला एकाच सुमारास येतात. परंतु भरतीची घटका त्या त्या किनाऱ्याच्या आकारावर आणि समुद्राच्या खोलीवर ठरते. चीन आणि कोरिया यांच्यामधला पीत समुद्र उथळ आणि तीन बाजूंनी कोंडलेला आहे, त्याची सरासरी खोली पन्नास मीटरसुद्धा नाही, आणि म्हणून इंचॉनजवळ उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ९ मीटरच्या आसपास जातो. आपल्या मुंबईला तो मोठ्या उधाणालाही साधारण पाच मीटरच्या आतबाहेर असतो. आईचा पाऊणपटीचा नियम कोकणाचा होता, तो तिथे नेमका उलटा पडला. आपल्याकडे भर दुपारी भरती असते त्या तिथीला इंचॉनला भर दुपारी ओहोटी असते. गंमत म्हणजे कोरियन कोळ्यांकडेही हा सगळा हिशेब चांद्र तिथींवरच आहे. उधाणाला ते 'सारी' म्हणतात आणि भांगाला 'चोगुम'. हे दोन शब्द आईने लगेच पाठ केले आणि पुढे महिनाभर ती आमच्या भिंतीवरच्या कोरियन दिनदर्शिकेत बारीक अक्षरांत छापलेली चांद्र तारीख स्वतःच्या कालनिर्णयाशी ताडून पाहत असे.

त्यानंतर निवड खऱ्या अर्थाने सुरू झाली. पत्नीच्या मनातले हेउंदे बुसान शहरात आहे. दीड किलोमीटर लांबीची वाळू, मागे काचेच्या उंच इमारती आणि जवळच ग्वांगआलीच्या किनाऱ्यावरून दिसणारा, रात्री दिव्यांनी उजळणारा पूल. छायाचित्रांत ते फारच सुंदर दिसते आणि प्रत्यक्षातही असेल. पण सुवॉनहून बुसान, बुसान स्थानकातून पुन्हा मेट्रोने पाऊण तासाच्या आसपास, आणि त्यानंतर जुलैअखेरची ती गर्दी, ज्यात वाळूपेक्षा छत्र्याच जास्त दिसतात. शिवाय हेउंदेला किनाऱ्यापासून आत ओढून नेणारे प्रवाह अधूनमधून तयार होतात आणि एकाच वेळी डझनावारी लोक आत खेचले गेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत. जीवरक्षक सावध असतात, लोकांना बाहेरही काढतात, पण नवशिक्या पोहणारीला घेऊन तिथे जाण्याची माझी हिंमत झाली नाही. पत्नीने चार दिवस अबोला धरला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दोन दिवस धरला.

जेजू बेटाचा विचार आम्ही एका संध्याकाळीच सोडून दिला, कारण तिथले चांगले किनारे बेटाच्या चारी बाजूंना विखुरलेले आहेत आणि गाडीशिवाय, सोबत म्हातारे माणूस असताना, बसच्या थांब्यांवरच सुट्टी संपली असती. लेकीला हवा होता तो बोर्यंग शहराचा देचन किनारा. तिथे १९९८ पासून दर उन्हाळ्यात चिखलाचा महोत्सव भरतो, लोक अंगभर चिखल माखून घसरगुंड्यांवरून घरंगळतात, आणि मुळात तो सुरू झाला तिथल्या चिखलापासून बनवलेल्या सौंदर्यप्रसाधनांची जाहिरात व्हावी म्हणून. सुवॉनहून देचनला थेट रेल्वे आहे, हा त्याचा मोठा गुण. पण तोही पश्चिम किनाराच, म्हणजे पुन्हा सारी आणि चोगुम, पुन्हा पाण्यात जाण्याची वेळ घड्याळाऐवजी चंद्राने ठरवायची. आईने एका वाक्यात निकाल दिला की चिखल पाहून झाला आहे.

खरी अडचण जागेइतकीच तारखेचीही होती, आणि ती आमच्याखेरीज कोणालाच कळली नसती. कोरियात सुट्टीचा मुख्य हंगाम 'छिल-माल-फाल-छो' म्हणून ओळखला जातो, म्हणजे सातव्या महिन्याची अखेर आणि आठव्याची सुरुवात. जूनअखेरपासून जवळपास महिनाभर चालणारा जांगमाचा पाऊस तोवर संपतो, मुलांच्या शाळांना आणि अनेक कारखान्यांना सुट्ट्या लागतात आणि सगळा देश एकदम समुद्राकडे धावतो. त्या दहा-बारा दिवसांत एकाच खोलीचा दर दीडपट-दुप्पट होतो. माझ्या कार्यालयातले एक वडीलधारे सहकारी मला सांगत होते की तो आठवडा टाळा, थोडे पुढे जा. पण त्या वर्षी ४ ऑगस्टला गटारी होती आणि ५ तारखेला, तीही सोमवारी, श्रावण लागत होता. आई एरवी आवडीने मासे खाते. श्रावणात मात्र ती मासळीला शिवत नाही. म्हणजे गटारीच्या आत गेलो तर मासळी मिळणार पण खोली परवडणार नाही, आणि गटारीनंतर गेलो तर खोली परवडणार पण मासळीच्या बाजारपेठेत आईने खायचे काय? सहकाऱ्यांना हा पेच समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग कांगनुंगच्या टोफूचे नाव काढले.

पूर्व किनाऱ्यावरच्या कांगनुंगात चोदांग नावाचा भाग आहे. तिथे सोयाबीनचे दूध नासवण्यासाठी समुद्राचे पाणी वापरण्याची जुनी पद्धत आहे आणि त्यातून तयार होणारा मऊ पांढरा टोफू, सुंदुबू, सोया सॉस शिंपडून तसाच खातात. या एका पदार्थाने आमचा कौल पूर्वेकडे फिरला. बाकीच्या गोष्टी मग आपोआप जुळत गेल्या. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या मार्गामुळे सोलहून कांगनुंगला वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आसपास पोहोचता येते, तर शेजारच्या सोक्चोला रेल्वे नव्हतीच. पूर्व किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक फूटभरसुद्धा नसतो. कांगनुंगच्या ग्यंगफो किनाऱ्यामागे पाइन वृक्षांची दाट रांग आहे, म्हणजे आईला सावलीत बसता येणार होते. दोन गोष्टी मात्र त्या बाजूच्या उण्या होत्या : पाणी पश्चिमेपेक्षा थंड असते आणि तळ लवकर खोल जातो. शिवाय त्या वर्षी कांगनुंगचे किनारे ऑगस्टच्या मध्याच्या सुमारासच अधिकृतपणे बंद होणार होते, बुसानसारखे महिनाअखेरपर्यंत चालू राहणार नव्हते, आणि बंद झाल्यावर जीवरक्षक नसतात. सगळे वजा करता १२ ते १४ ऑगस्ट एवढेच तीन दिवस हाती उरले. १५ तारखेला कोरियाचाही मुक्तिदिन असतो, त्या सुट्टीला जोडून येणाऱ्या गर्दीच्या आधी आम्हांला परतायचे होते.

तिकिटे महिनाभर आधी सकाळी सात वाजता खुली होतात, म्हणून १२ जुलैला मी आणि पत्नी दोन फोन घेऊन बसलो आणि चार आसने एकत्र मिळाली. खोलीचे आरक्षण मात्र त्रासदायक ठरले. ॲपवर ओळख पटवताना नाव निवासी ओळखपत्राप्रमाणे तंतोतंत लिहावे लागते आणि माझे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली आगगाडी त्या चौकटीत मावेना. तिसऱ्या प्रयत्नात, सगळे न थांबता सलग लिहिल्यावर, ते स्वीकारले गेले. तिथे पोहोचल्यावर कळले की दाखवलेला दर दोन माणसांचा होता, आई आणि लेक यांचे पैसे वेगळे द्यायचे होते, आणि छायाचित्रातला समुद्र दिसण्यासाठी गच्चीच्या कठड्यावरून बरेच बाहेर वाकावे लागत होते. दोन माणसांची ही अट ॲपवर अगदी तळाशी कोरियनमध्ये लिहिलेली होती, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. स्वयंपाकाचा ओटा होता, तेवढ्यावर समाधान मानले.

१२ तारखेला श्रावणी सोमवार होता आणि आईचा उपास. याचा विचार माझ्या कोणत्याही तक्त्यात नव्हता. पण कांगनुंग ज्या प्रांतात आहे तो बटाट्यांसाठी प्रसिद्ध आहे, इतका की तिथल्या माणसांना गमतीने 'कामजाबावी', म्हणजे बटाट्याचे खडक, म्हणतात. बाजारातून बटाटे आणून उकडले, आईने पिशवीतून स्वतःचे शेंदेलोण आणि दाण्याचे कूट काढले, आणि उपास आमच्या जेवणापेक्षा चांगला झाला. दुसऱ्या दिवशी चोदांगला जाऊन सुंदुबू खाल्ले. सूप मागवण्याआधी त्यात मासळीचे किंवा शिंपल्यांचे पाणी आहे का हे विचारावे लागते, म्हणून आईसाठी पांढरे, साधेच मागवले. पहिल्या घासानंतर ती म्हणाली की मीठ बरोबर आहे, समुद्राचे आहे.

पाणी खरोखरच थंड होते. लेक किंचाळत आत गेली आणि ओठ निळे होईपर्यंत बाहेर आली नाही. तरंगत्या दोरीच्या अलीकडे, तेही रबरी चकतीत बसून राहायचे अशी आमची अट होती, कारण दहा-बारा पावलांवरच माझ्या छातीपर्यंत पाणी येत होते. त्या उन्हाळ्यात कोरियाच्या किनाऱ्यांवर मोठ्या जेलीफिशचा सुळसुळाट होता, म्हणून मी येताजाता जीवरक्षकांच्या मनोऱ्याकडे पाहत होतो. आमच्या तीन दिवसांत कोणाला दंश झाल्याचे दिसले नाही. संध्याकाळी बरोबर सहा वाजता शिट्ट्या वाजल्या, ध्वनिवर्धकावरून सूचना झाली आणि पाण्यातली शेकडो माणसे पाच मिनिटांत मुकाट बाहेर आली. आईला याचे सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. गुहागरला शिट्टी वाजवणाऱ्यालाच लोकांनी पाण्यात ओढला असता, असे तिचे मत पडले.

शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीआधी आम्ही दोन तास पुन्हा किनाऱ्यावर गेलो. आईने सवयीने पाण्याची कड पाहिली, चपला तिच्यापासून दोन हात वर काढून ठेवल्या आणि झाडांखाली येऊन बसली, पण दर दहा मिनिटांनी ती मान उंचावून चपलांकडे पाहत होती. निघताना आम्ही त्या उचलायला गेलो तेव्हा पाणी होते तिथेच होते. तिने वाकून पुन्हा एकदा अंतर पाहिले, चपला झटकल्या आणि म्हणाली, "याला हलायचं माहीतच नाही वाटतं."