वाचनालयाचा नकाशा काढण्याआधी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयाची इमारत पुनर्विकासाला जायचं ठरलं, आणि कार्यवाह काकांचा फोन आला. "अगं, नवीन जागेचा नकाशा तूच काढायचास. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही मी." तिसरीत असल्यापासून मी तिथली बालसभासद. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्याच सभेत एका तरुण सभासदाने हेलसिंकीच्या ऊडी ग्रंथालयाचा व्हिडिओ दाखवला. ते २०१८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं. तळमजला सगळ्या गावाला मोकळा, मधल्या मजल्यावर शिलाई यंत्रं, थ्रीडी प्रिंटर आणि स्टुडिओ, पुस्तकं सगळ्यात वर, भरपूर उजेडात. सगळे हरखून बघत होते. आमच्या वाट्याला येणार होते २,२०० चौरस फूट, तेही दोन मजल्यांत विभागून. तरी त्यातली एक गोष्ट मी मनाशी धरली. तिथे आत आलेल्या माणसाला काही घ्यावं लागत नाही, कारण सांगावं लागत नाही, नुसतं बसता येतं. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे आणि कट्ट्यावर जमायची सवयही इथल्या हाडीमासी आहे. पण पुस्तक बदलायचं एकीकडे आणि गप्पांना जायचं तलावपाळीवर, अशी आपण वाटणीच करून टाकली आहे. ती मोडता येईल का, एवढंच मला बघायचं होतं.

नकाशा काढायच्या आधी मी चार दिवस जुन्या जागेत सकाळ-संध्याकाळ नुसती बसले. काका दर दोन दिवसांनी विचारायचे, "कागदावर कधी उतरणार?" मी वहीत लिहीत होते कोण येतं, कुठे टेकतं, किती वेळाने उठतं. वृत्तपत्र विभागाचं लांब टेबल दारासमोरच, आणि त्यावर सकाळी आठपासून आजोबा मंडळी. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं सात-सात तास, कारण घरी एकच खोली. बायका मात्र थांबतच नव्हत्या. देवघेव विभागात पुस्तक बदलायचं, मुलाचा हात धरायचा आणि निघायचं. दोघीतिघींना विचारलं तेव्हा कळलं. बसायला जागा एकच, त्या टेबलापाशी, आणि तिथे सगळे पुरुष. शिवाय स्वच्छतागृह नाही. एक काकू म्हणाल्या, "तासभर बसायचं तर घरी जाऊन यावं लागतं गं."

हे ऐकल्यावर माझा सगळा आराखडाच बदलला. स्वच्छतागृह ही प्लंबरची बाब नाही, ग्रंथालयात कोण थांबू शकेल हे तीच ठरवते. सभेत जागा कमी पडायला लागली तेव्हा एका रॅकसाठी तेच वगळायची सूचना आली, आणि त्या एका मुद्द्यावर मी अजिबात मागे हटले नाही. शेवटी ग्रंथपाल बाई उठून म्हणाल्या, "पंधरा वर्षं मी शेजारच्या दवाखान्यात जाते आहे." सभेत कुणी काही बोललं नाही. स्वच्छतागृह राहिलं, दार ९० सेंटिमीटरचं, चाकाची खुर्ची आत जाईल असं.

तळमजल्याची लढाई वेगळी होती. विकासकाला रस्त्याकडची बाजू दुकानांसाठी हवी होती आणि आम्हाला पहिला-दुसरा मजला द्यायचा होता. ज्येष्ठांचे गुडघे, रस्त्यावरून दिसणं, हे सगळं सांगून झालं. उपयोग झाला तो वजनाचा. राहत्या घराच्या स्लॅबला भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला ६०० किलो, आणि रॅक २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर त्याहून जास्त. वरच्या मजल्यावर हे पेलायचं तर तुळया जाड करायच्या, म्हणजे खर्च आणि खालची उंची दोन्ही जाणार. त्यांच्याच स्ट्रक्चरल सल्लागाराने आकडे मान्य केले आणि मागच्या बाजूला जमिनीवर रॅक, पुढे बारा फूट मोकळी जागा, असा तळमजला आमच्याकडे आला. अभ्यासिका वर गेली, त्या स्लॅबचा भार वाचनकक्षाच्या हिशेबाने वाढवून घेतला.

त्या बारा फुटांत रस्त्याकडे तोंड केलेला लांब बाक आहे. आतल्या बाजूला बालविभाग, साडेतीन फुटांच्या बुटक्या मांडण्यांचा. काउंटरवरून पलीकडचं मूल दिसतं आणि आईला तिथेच खुर्ची ओढून वाचता येतं. वृत्तपत्रांची आता दोन टेबलं आहेत, एकमेकांकडे पाठ करून. अभ्यासिकेच्या मुलांची भीती होती आवाजाची, आणि ती रास्त होती. म्हणून जिन्याला वर आणि खाली अशी दोन दारं, मध्ये छोटा पॅसेज, छताला आवाज शोषणाऱ्या फायबरच्या टाइल्स, खुर्च्यांच्या पायांना रबर. जिन्याच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेली कपाटं लावली, त्यांनीही आवाज बराच अडतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं शेवटचं म्हणतं की ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. त्यामुळे मधले रॅक जमिनीत ठोकले नाहीत. दिवाळी अंक आले की हलवता येतात, शनिवारी कुणी बोलायला आलं की बाजूला होतात आणि चाळीस खुर्च्या मावतात.

जागा सुरू होऊन पाच महिने झालेत. त्या काकू आता दुपारी तीनला येतात आणि पाचला उठतात. पावसाळा अजून बघायचा आहे. उत्तरेची भिंत ओल धरते का ते कळेपर्यंत कपाटं भिंतीपासून चार इंच पुढेच ठेवा, असं मी ग्रंथपाल बाईंना सांगून ठेवलंय.