नवा लॅपटॉप आणि खारा वारा

नव्या लॅपटॉपचे खोके उघडले की पुठ्ठ्याच्या एखाद्या खाचेत बोटभर लांबीची पांढरी पुडी सापडते. तिच्यात सिलिका जेलचे दाणे असतात, वर 'खाऊ नये' अशी ताकीद छापलेली असते, आणि खोके उघडणारा माणूस बहुधा तीच वस्तू सर्वांत आधी केरात टाकतो. माझ्या मते त्या खोक्यात आमच्या कोकणाची थोडीफार जाण असलेली वस्तू ती पुडी एवढीच. हे दाणे आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश इतके पाणी हवेतून शोषून घेतात. मात्र कारखान्यापासून दुकानापर्यंतचा बंद खोक्यातला प्रवास निभावून नेणे, एवढीच त्यांची कामगिरी. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात मिरगाचा पाऊस लागल्यावर ती पुडी उघड्यावर ठेवली, तर तिचा पराक्रम संपायला फार वेळ लागत नाही. जिथे मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तिथे त्या बिचाऱ्या दाण्यांनी किती दम धरावा?

उरलेले सगळे यंत्र मात्र कोणातरी दुसऱ्याच माणसासाठी घडवलेले असावे, असे ते हाताळताना सतत वाटत राहते. त्या माणसाच्या खोलीतली हवा कोरडी आहे, भिंतीतली वीज कधी जात नाही, इंटरनेट नळाच्या पाण्यासारखे वाहते आणि तो लिहितो ती लिपी कळफलकावर आधीच छापलेली आहे. आमच्याकडे यांतले एकही गृहीतक पुरते लागू पडत नाही. त्यामुळे लॅपटॉप सुरू करणे म्हणजे बटण दाबणे, ही समजूत इथे फारशी उपयोगाची नाही. बटण दाबल्यावर यंत्र चालू होते खरे, पण ते आमच्या घरात राहण्याजोगे व्हायला बराच अवधी जातो.

पहिला प्रश्न हवेचा. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे अतिसूक्ष्म कण घेऊन येतो आणि ते प्रत्येक वस्तूवर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात आमच्याकडची आर्द्रता ही मर्यादा सहज ओलांडते. विरघळलेल्या मिठाचा तो पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर विजेलाही वाट देतो आणि धातूलाही खातो. खिडकीचे गज, सायकलची साखळी आणि कपाटाच्या बिजागऱ्या ज्या कारणाने गंजतात, त्याच कारणाने लॅपटॉपच्या पोटातले तांब्याचे नाजूक रस्ते हिरवे पडतात.

यावर आमच्याकडची पारंपरिक उपाययोजना अशी, की महागाची वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, त्यावर जुन्या साडीचे आवरण चढवावे आणि ती कपाटाच्या वरच्या फळीवर 'नीट' ठेवावी. पाहुणे आले की काढावी, गेले की ठेवावी. आमच्या आईचा अजूनही यावर दृढ विश्वास आहे आणि तिने जपलेली पितळेची भांडी पाहता तो अगदीच निराधार म्हणवत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हा उपाय उलटतो. पिशवीत कोंडलेला दमटपणा बाहेर पडत नाही, आणि बंद यंत्र आपल्या अंगची ऊब निर्माण करू शकत नाही. रोज तासभर तरी चालवलेले यंत्र स्वतःच्या उष्णतेने आतून कोरडे राहते. म्हणून पावसाळ्यात त्याला विश्रांती देण्यापेक्षा कामाला जुंपणे हेच त्याच्या आरोग्याला अधिक मानवते. आईला हे पटवताना मात्र मी अजून पूर्ण यशस्वी झालेलो नाही.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि त्यात प्रथम जमिनीचा. आमची घरे चिऱ्याची, अंगण जांभ्याचे. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडलेला जांभा वीज सहज जिरवून घेत नाही, त्यामुळे पुष्कळ घरांतले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरतेच उरते. अशा घरात धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावून त्यावर मनगट टेकवले की बारीक झिणझिण्या येतात. पुष्कळ जण त्या मुंग्या आपल्या वयाच्या खाती जमा करतात. प्रत्यक्षात ती अडॅप्टरमधून झिरपणारी अत्यंत अल्प वीज असते, आणि तिला जमिनीत जायला वाट मिळाली नाही म्हणून ती आपल्या हातातून वाट शोधते. तीन पिनांचा प्लग तीन पिनांच्याच सॉकेटमध्ये लावावा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे, हा जुन्या वायरमनचा सल्ला पुस्तिकेत कुठेच छापलेला नसतो, तरी आमच्यासाठी तोच पहिल्या पानावर असायला हवा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की प्लग उपसून ठेवणे हे तर आमच्याकडे मुलांनाही सांगावे लागत नाही.

बॅटरीविषयी जाणकार सांगतात, की लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली तर लवकर म्हातारी होते, म्हणून ती 80 टक्क्यांवर थांबवावी. अनेक यंत्रांत तशी सोयही दिलेली असते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या किती तरी गावांत वीज यायला आठवडे लागले होते. तो अनुभव दूरच्या नातेवाइकांकडून का होईना, ऐकलेला माणूस जून महिन्यात बॅटरीचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवायला सहजी तयार होणार नाही. मी माझ्यापुरती तडजोड केली आहे: दिवाळीपासून मेपर्यंत 80 टक्के, आणि मिरग लागला की पूर्ण. बॅटरी थोडी लवकर थकेल, पण अंधारात उपयोगी पडेल.

आता प्रत्यक्ष सुरुवात. झाकण उघडून बटण दाबले की यंत्र प्रश्न विचारू लागते: देश कोणता, भाषा कोणती, कळफलक कोणता, वाय-फाय कुठले. मग परवान्याचा करार पडद्यावर येतो. तो इतका लांब असतो, की मनापासून वाचायला बसले तर बॅटरी आधी संपेल. त्याच्याखाली 'मान्य आहे' असे बटण असते आणि ते दाबल्यावाचून पुढची वाट नसते. आमच्या वाडीतले आबा नवी वस्तू घरात आली की देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. "बा रवळनाथा, म्हाराजा, आज ह्या घरात नवी वस्तू इली आसा, तिका सांभाळ, काय चुकला-माकला तर पदरात घे रे म्हाराजा," असे त्यांचे चालू असते आणि उपस्थित मंडळी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" अशी साथ देतात. परवान्याच्या करारालाही आपण नेमकी हीच साथ देत असतो. फरक असलाच तर इतकाच, की आबांच्या गाऱ्हाण्यात चूकभूल पदरात घेण्याची विनंती देवाला असते, आणि करारात चुकलेमाकले ते सारे आपल्याच पदरात घातलेले असते.

साथ देऊन झाली की यंत्राला इंटरनेट हवे असते. आमच्याकडे ते मोबाइलच्या हॉटस्पॉटमधून येते आणि मोबाइलची रेंज घराच्या एका विशिष्ट खिडकीत येते. मुंबईहून पुतण्या फोनवर मार्गदर्शन करत होता. "काका, काही करू नका, फक्त नेक्स्ट दाबत राहा," हा त्याचा एकंदर उपदेश. पण त्याच फोनवरून इंटरनेट घ्यायचे असल्याने त्याचा सल्ला आणि यंत्राची भूक या दोन्ही गोष्टी एकाच खिडकीत उभ्या राहून भागवाव्या लागल्या. नव्या यंत्राला आल्याआल्या स्वतःला अद्ययावत करून घ्यायची घाई असते आणि त्या भरात ते दिवसाचा डेटा दुपारच्या जेवणाआधी फस्त करू शकते. यावर उतारा म्हणजे वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन हे मीटर्ड कनेक्शन, म्हणजे मोजून मिळणारे इंटरनेट, आहे असे यंत्राला सांगून ठेवणे. मग ते बरेचसे सबुरीने वागते, आणि मोठी उतरवणी तालुक्याला कोणाच्या तरी ब्रॉडबँडवर करता येते. जाता जाता एक शंका दूर करतो: 512 जीबी म्हणून घेतलेली साठवण पडद्यावर 476 जीबी दिसते, तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. बनवणारे एक जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात आणि विंडोज सुमारे 107 कोटी 37 लाख धरते. माल तेवढाच, माप वेगळे.

माझा खरा जीव अडकला होता तो मराठीत. जुन्या संगणकावर देवस्थानाच्या जत्रेचे हिशेब आणि पत्रव्यवहार साठवलेला होता. त्यातली फाइल नव्या यंत्रावर उघडली, तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी समोर आली. फाइल बिघडलेली नव्हती. त्या काळचे फाँट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवत असत. तो फाँट नसला की चित्रे जातात आणि खालचे रोमन उघडे पडते. युनिकोड या, प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत देवनागरीला स्वतःची 128 घरे आहेत, त्यामुळे आज लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसतो. जुना मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर ओळीनओळ तपासावा लागतो. ते काम मी पावसाळ्यासाठी राखून ठेवले आहे.

कळफलकाच्या निवडीवरून मात्र घरात दोन पक्ष आहेत. पुतण्या उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवतो आणि तेच सोपे आहे असे त्याचे ठाम मत आहे. मी इन्स्क्रिप्टवाला. 1991 साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात, आणि हात एकदा बसला की कळांकडे पाहावे लागत नाही. शिवाय सोप्या वाटेने जाणाऱ्यांचा 'ऱ' अनेकदा वाटेत हरवतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होऊन बसतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे एकत्र दाबले की 'ऱ' हजर. दोन्ही कळफलक बसवून ठेवले आहेत. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून एकावरून दुसऱ्यावर जाता येते, त्यामुळे भांडण मिटले नसले तरी काम अडत नाही. यंदाच्या जत्रेची पत्रिका मात्र मीच टंकणार आहे, कारण तिच्यात 'गाऱ्हाणे' हा शब्द ठिकठिकाणी येतो आणि आबा ती छापण्याआधी चष्मा लावून वाचतात.