स्टॅक चालू होता आणि अंड्याला भोक पडलं

परभणीत माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारसं, पासपोर्ट फोटो हा पोटाचा धंदा, पण लग्नसराई उतरली की मी किड्यांचे फोटो काढतो आणि आता त्याचेही थोडेफार पैसे मिळायलेत, कारण शेतीच्या ट्रेनिंगला, पोस्टरला असे फोटो लागतात आणि नेटवरचे उचललेले फोटो बहुतेक वेळा आपल्याकडच्या किडीचे नसतातच. लोकांना मात्र एकच कोडं पडतं, एवढुशा किड्याला अख्खा दिवस कशाला लागतो. लग्नातले फोटोग्राफर मित्र तर सरळ सांगतात, एफ २२ कर की, म्हणजे लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) एकदम बारीक कर, सगळं शार्प येतंय.

नाही येत भाऊ. पाच पट मोठं करून एफ १६ लावलं तर खरं अ‍ॅपर्चर एफ ९६ च्या आसपास जातं, मग डिफ्रॅक्शननं, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यानं, सगळा फोटो धुरकट. आणि माझ्याकडं जे मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे किड्याकडची पुढची लेन्स आहे, मिटुटोयो कंपनीचं १० एक्स (दहा पट मोठं करणारं), सेकंडहँड घेतलं तरी बायकोला अजून खरी किंमत सांगितलेली नाही, त्याला अ‍ॅपर्चरची रिंगच नाही. ते २०० एमएमच्या लेन्सपुढं अडकवायचं. एनए, म्हणजे उजेड गोळा करायची ताकद, ०.२८, त्यामुळं एका फोटोत साधारण ७ मायक्रॉनचा थर शार्प, पुढचं मागचं सगळं पुसट. ७ मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढं धरा. म्हणून मोटरवाली रेल लावायची, ती कॅमेरा ५-५ मायक्रॉननं सरकवते, प्रत्येक थराचा एक फोटो, आणि मग सॉफ्टवेअर त्या सगळ्यांतलं शार्प तेवढं वेचून एक फोटो करतं. ह्याला स्टॅक म्हणायचं. लेवॉन बिस म्हणून एक ब्रिटिश फोटोग्राफर आहे, त्यानं ऑक्सफर्डच्या म्युझियममधले किडे काढले, एकेका फोटोला ८ हजारांच्या वर फ्रेम. आपलं तेवढं नाही, शंभर-दोनशेत भागतं.

५ मायक्रॉनचा हिशोब असला की सगळं जग हलतं असं कळतं. माझा स्टुडिओ रोडच्या कडेला, मागं काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, ट्रक गेला की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर किडा डोलतो. पंखा बंद, कूलर तर विचारूच नका, त्यानं टेबल थरथरतं. ऑक्टोबर हीटमध्ये बंद खोलीत बसायचं, ट्रक येतो का कान देऊन ऐकायचं आणि घाम पुसायचा. फ्लॅशचा एक फायदा असतो, कमी पॉवरवर ठेवला तर त्याचा झटका इतका छोटा असतो की बारीकसारीक हादरा फोटोत उतरतच नाही, म्हणून दोन्ही बाजूला फ्लॅश आणि मधे बटर पेपरचं नळकांडं. लाइट गेली तर रेल इन्व्हर्टरवर. असो.

त्या दिवशी ट्रायकोकार्डाचं काम होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ट्रायकोग्रामा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशीच्या खानदानातली माशी, ती पतंगांच्या अंड्यात आपलं अंडं घालते, मग त्या अंड्यातून अळी निघायच्या ऐवजी हीच निघते. म्हणजे बोंडअळी जन्मायच्या आतच खल्लास. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडं कापसाचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. लॅबमध्ये काय करतात, भरडलेल्या ज्वारीवर तांदळाचा पतंग वाढवतात, त्याची अंडी यूव्ही लाइटखाली धरतात म्हणजे त्यातून अळी निघत नाही, मग ती कार्डावर डिंकानं चिकटवायची आणि त्यावर ट्रायकोग्रामा सोडायची. तीन-चार दिवसांत अंडी काळी पडतात, म्हणजे आत पाळणा हलला. एका कार्डावर अशी २० हजारांच्या आसपास अंडी.

मॅडम अशाच एका लॅबमधल्या. बर्फाच्या डब्यात कार्ड घेऊन सकाळी सकाळी आल्या आणि सोबत मानवतकडचे एक काका, ते कार्ड न्यायला लॅबवर आले होते आणि मॅडमनी त्यांना इकडंच आणलं. काका खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "कागदावर काळं कायतरी फासून देतेत अन् म्हनतेत ह्यात माशा हायत. मी तं आजवर एक बी माशी बघितली नाई." मॅडम नुसत्या हसल्या. त्यांना पोस्टरसाठी काळ्या पडलेल्या अंड्यांचा एक मोठा फोटो पाहिजे होता, निघालेली माशी नंतर, कारण "उद्या सकाळी निघतील, आज नाहीत". मला काय, बरंच होतं. जिवंत किडा स्टॅकला बसत नाही, मिशी हलली तरी फोटो वाया, म्हणून बहुतेक किडे मेलेलेच असतात आपल्याकडं. त्यात अंडी म्हणजे सगळ्यात सज्जन गिऱ्हाईक, कुठं पळून जाणारेत.

कार्डाचा तुकडा कापला, स्टेजवर चिकटवला, कॅमेरा वरून उभा. दहा पटीत एका फ्रेमला सव्वादोन मिलिमीटर एवढीच रुंदी बसते, त्यात मोजकी अंडी. वाळलेल्या डिंकाला तडे गेलेले, ते फ्लॅशनं चमकायचे, आणि सगळीकडं पतंगाचे खवले पडलेले. डोळ्यांना जे कार्ड स्वच्छ दिसतं ते ह्या लेन्सखाली उकिरडा असतो. ते खवले पापणीचा एक केस काडीला चिकटवून त्यानं उचलायचे, अर्धा तास त्यातच गेला, काका तोवर दोनदा बाहेर जाऊन तंबाखू खाऊन आले.

मी स्टॅक खालून वर घेतो. म्हणजे फोकस आधी कागदावर, मग हळूहळू अंड्याच्या पोटावर, मग शेंड्यावर, आणि शेंडा संपला तरी दहा-पंधरा फ्रेम वर हवेतल्या, त्यात शार्प काहीच नसतं पण एखादा केस वर आलेला असला तर कापला जायला नको म्हणून. शंभरवर फ्रेम, एकेकीला सहा-सात सेकंद, कारण रेल थांबल्यावर थरथर जिरू द्यायची आणि फ्लॅश परत भरू द्यायचा. सुरू केलं आणि आम्ही तिघंही शेजारच्या खोलीत जाऊन बसलो, चालताना फरशीसुद्धा हलते म्हणून. फक्त टक टक टक आवाज. काका म्हणाले, "मशिनच काम करायलंय, तुमी पैसे कशाचे घेताव?"

परत आलो, लॅपटॉपवर झेरीन स्टॅकर हे थर जोडायचं सॉफ्टवेअर उघडलं, त्यातली पीमॅक्स नावाची पद्धत लावली. फोटो घडत जाताना बघायला मजा असते, कागद आला, डिंक आला, काळीभोर अंडी आली एकदम टंच, आणि मग शेवटी मधल्या अंड्याच्या वर असं काही उगवलं की मॅडम खुर्चीतून उठल्या. अंड्याला भोक, भोकातून एक डोकं, त्याच्या शेजारी अर्धवट दुसरं डोकं, त्यावर तिसरं, लाल डोळे सगळीकडं आणि मिशांचं तर जंजाळ. दसऱ्याच्या आधीच रावण. मॅडमला हसू आवरेना आणि मला आधी वाटलं फाइल खराब झाली.

मग एकेक फ्रेम उघडून बघितली तेव्हा कळलं. सुरुवातीच्या फ्रेममध्ये अंडं धड होतं. मधे कुठंतरी शेंड्याजवळ एक पुसट ठिपका, अजून फोकस तिथवर पोचलेला नव्हता. नंतर फोकस आला तेव्हा भोकाच्या कडा स्पष्ट, आतून कुरतडलेल्या. आणि नेमका फोकस वर सरकत होता तसंच तेही वर सरकत होतं! उलटं घेतलं असतं, वरून खाली, तर डोकं बाहेर येईपर्यंत फोकस कागदावर गेलेला असता आणि आम्हाला नुसता धुरळा दिसला असता. ज्या वरच्या हवेतल्या फ्रेम मी फुकट म्हणून घेतो, त्याच फ्रेममध्ये डोकं, मिशा, पुढचे पाय, सगळं होतं, एका फ्रेममध्ये तर एक पाय भोकाच्या कडेवर टेकवलेला. मॅडमनी मिशी बघितली, लांब लांब केस होते, म्हणाल्या नर आहे, नर बऱ्याचदा आधी निघतात आणि माद्यांची वाट बघत तिथंच घुटमळतात. खोलीच्या उकाड्यानं ह्याला घाई झाली असणार.

पीमॅक्सचा दोष नाही ह्यात. ते बिचारं प्रत्येक फ्रेममधली बारीक शार्प रेघ उचलतं, हे डोकं एकच आहे आणि ते हललं आहे हे त्याला कुठून कळणार. डीमॅप ही त्यातलीच दुसरी पद्धत लावून बघितली तर डोकी कमी झाली पण केसांभोवती पांढरट कडा आली आणि पाय मधेच तुटला. एरवी मी दोन्ही काढून हातानं रिटच करतो, अंगाला डीमॅप, केसांना पीमॅक्स. इथं रिटच करायचं म्हणजे कुठलं डोकं खरं ठरवायचं? सगळीच खरी होती, वेगवेगळ्या सेकंदाची.

पोस्टरचं डिझाइन करणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, सोपंय की, अंड्याचा एक चांगला फोटो द्या, मेलेल्या माशीचा एक वेगळा स्टॅक द्या, मी चिकटवतो. मी नाही म्हणलं. आता कुणी म्हणेल स्टॅकसुद्धा जोडलेलाच फोटो की मग तुमचा एवढा काय सोवळेपणा. पण स्टॅकमध्ये मी त्याच किड्याचे थर जोडतो, नसलेला किडा आणत नाही. फ्रीजमधली माशी उचलून दुसऱ्याच अंड्यात खोचली तर ती लग्नाच्या ग्रुप फोटोत न आलेला मामा घालण्यातली गत, ते धंद्यात करतो मी, इथं नाही करणार. मॅडमलाही ते पटलं. ठरलं असं की धड अंड्यांसाठी सुरुवातीच्या फ्रेमवरून जमेल तेवढा स्टॅक, आणि खाली चार सुट्या फ्रेम एका ओळीत, भोक, डोकं, मिशा, पाय, जशा आल्या तशा, थोड्या पुसट असल्या तरी.

तोवर स्टेजवरच्या तुकड्यावर आणखी दोन-तीन भोकं दिसायला लागली. मॅडम घाईला आल्या, आता कार्ड डब्यात ठेवून उपयोग नाही, आजच्या आज शेतात लागलं पाहिजे. काकांना त्यांनी परत सगळं समजावलं, पट्ट्या कापा, पानाच्या खालच्या बाजूला टाचणीनं लावा, उन्हात नको, संध्याकाळी लावा, आणि आठवडाभर तरी विषारी फवारा मारू नका, नाहीतर ह्याच मरतील. इथं खरा घोळ निघाला, काकांची फवारणी दुसऱ्याच दिवशी ठरलेली, माणूस सांगून ठेवलेला, औषध आणलेलं.

काका काही बोलले नाहीत. लॅपटॉपजवळ आले, चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले. मी त्यांना त्या चार फ्रेम दाखवत होतो, म्हणलं ह्यातली एक तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. ते म्हणाले, "हे नको, ते तीन मुंडक्याचं टाक." म्हणलं काका तो फोटो बिघडलाय, माशीला एकच डोकं असतंय. "ते मला बी कळतंय रे. पर त्यातच दिसायलंय की ते हलायलंय म्हनून. बाकीच्यात तं मेल्यावानी दिसायलंय."

टाकला. त्यांनी तिथंच उभं राहून फवारणीवाल्याला फोन लावला, म्हणाले उद्या येऊ नको, आठ दिवसानं सांगतो, पलीकडून तो काहीतरी आगाऊ पैशाचं बोलायला लागला तर त्याच्यावर दोन शिव्या हासडल्या, आणि कार्डाचा डबा काखेत मारून बसस्टँडकडं गेले.