फोर्ट विल्यम: फायनलच्या आदल्या दिवशीचा पिट

एलिट गटाची फायनल 5 ऑगस्ट 2023 ला होती. 4 तारखेला सकाळपासून पिटमध्ये, म्हणजे संघांच्या तंबूंच्या जागेत, आमच्या तंबूसमोरच्या दोरीला टेकून माणसं उभी होती आणि विचारत होती एकच: "पुढे स्पाइक लावणार का?" स्पाइक म्हणजे चिखलासाठीचा लांब दातांचा टायर.

डाउनहिल माउंटन बायकिंगची, म्हणजे डोंगरउतारावरून एकेकट्याने वेळेविरुद्ध सायकल हाणण्याची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, जागा स्कॉटलंडमधलं फोर्ट विल्यम. मी एका छोट्या संघाच्या रायडरचा मेकॅनिक होतो. 2007 मध्येही इथेच ही स्पर्धा झाली होती आणि सॅम हिल जिंकला होता. त्या वेळच्या गोष्टी सांगणारे दोघं-तिघं गर्दीत होतेच. बाकीच्यांच्या बोलण्यात लुईक ब्रुनी होता, कारण आदल्या वर्षी फ्रान्समधल्या ले जेला जिंकून विश्वविजेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी त्याच्याकडे होती. स्कॉटिश लोकांना रीस विल्सन हवा होता. 2020 ला ऑस्ट्रियातल्या लिओगँगच्या चिखलात तो जिंकला, तेव्हा यांच्या मते पाऊस आला की तोच. मला हे गणित फारसं पटत नाही. लिओगँगचा चिखल आणि इथला चिखल यांत फार फरक आहे, आणि त्या दिवसाचं सगळं काम या फरकाभोवतीच फिरत होतं.

ट्रॅक पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, उतार साधारण 555 मीटर, वेळ साडेचार मिनिटांच्या जवळपास. वरचा भाग उघडा, वारा खाणारा, दगडांनी भरलेला. तिथला खडक दाणेदार आहे. आपल्या सह्याद्रीतल्या पावसाळी, शेवाळलेल्या कातळासारखा तो घसरत नाही, ओल्यातही टायर धरतो. मग जंगल येतं: उभा उतार, मुळं आणि पीट, म्हणजे कुजलेल्या शेवाळाची काळी, भुसभुशीत माती. ती ऊन पडलं तरी आतून ओली असते. शेवटी 'मोटरवे', म्हणजे कडक, वेगवान, उड्यांचा पट्टा. आता एकच टायर या तिन्हींसाठी निवडायचा. पूर्ण स्पाइक जंगलात उत्तम रुतते, पण वरच्या दगडांवर ब्रेक दाबला की लांब दात वाकतात आणि हँडल वळवल्यावर सायकल क्षणभर उशिरा वळते. मोटरवेवर तर ती वेग खाते.

म्हणून पुढच्या चाकावर छाटलेली स्पाइक. टायर रिमवर चढवून, हवा भरून, चाक स्टँडवर फिरवत साइड कटरने मधल्या रांगांचे दात एक तृतीयांश कमी केले. कडेचे दात पूर्ण ठेवले, कारण वळणात भार त्यांच्यावर येतो. एका टायरला पाऊण तास लागतो. घाई केली तर दात कमी-जास्त राहतात आणि कडक जमिनीवर चाक थरथरतं. फार खाली कापलं तर दाताच्या मुळाशी चीर पडते आणि ब्रेक मारताना तो आख्खा उपटून येतो. छाटायला सुरुवात केली तशी दोरीपलीकडे मोबाइल वर झाले. दहा मिनिटांत शेजारच्या तंबूचा मेकॅनिक चहाचा कप घेऊन "सहज" येऊन गेला. पिटमध्ये हे चालतंच.

मागे स्पाइक नाही. तिथे कोरड्यातला नेहमीचा टायर, दुहेरी थराच्या जाड केसिंगचा, आत फोमचा इन्सर्ट आणि 120 मिलिलिटर सीलंट, म्हणजे छोटी भोकं बुजवणारा द्रव. इथे टायर फुटतो तो बहुधा मागचाच. चौकोनी धारेच्या दगडावर वेगात आपटला की टायरची भिंत दगड आणि रिम यांच्यात चेपते आणि दोन ठिकाणी कापली जाते. इतक्या मोठ्या चिरेला सीलंट पुरत नाही. इन्सर्टने दीड-दोनशे ग्रॅम वजन वाढतं, पण हवा गेली तरी सायकल फिनिशपर्यंत येते. वर्ल्ड कपच्या मोसमात एक शर्यत बिघडली तर पुढची असते. इथे फायनलची एकच धाव, आणि जर्सी वर्षभराची.

हवा पुढे 25, मागे 28 पीएसआय. एक तरुण म्हणाला, वर थंडी असते, मग दाब कमी होणार नाही का? प्रश्न चांगला होता. चार-पाच अंशांनी तापमान उतरलं की साधारण पाऊण पीएसआय कमी होतो. पण साडेपाचशे मीटर वर बाहेरच्या हवेचा दाबही घटतो, त्यामुळे गेजवर जवळजवळ एक पीएसआय वाढलेला दिसतो. दोन्ही मिळून हिशोब जवळपास फिटतो. त्याहून मोठी गडबड गेज बदलल्याने होते. दोन गेजमध्ये सहज दीड पीएसआयचा फरक असतो, म्हणून खाली मापलं तेच गेज खिशात घालून गोंडोलात बसायचं.

सरावातून सायकल खाली आली तेव्हा रायडरची तक्रार हातांची होती. वरच्या दगडांत हात भरून येतात आणि जंगलात ब्रेकवर बोट टिकत नाही. अशा वेळी पुष्कळांचा हात आधी कम्प्रेशनकडे, म्हणजे पुढचा फोर्क किती कडकपणे दबतो त्याच्या नॉबकडे, जातो. आम्ही आधी रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत उघडण्याचा वेग, बघितला. तो फार हळू असेल तर फोर्क एका दगडावर दबल्यावर पुढच्या दगडाआधी पूर्ण उघडत नाही. असं चार-पाच दगडांत 200 मिलिमीटर प्रवासातला निम्माच उरतो आणि मग सगळे धक्के मनगटात. रिबाउंड दोन क्लिक मोकळा केला, फोर्कच्या हवेला हात लावला नाही. सॅग, म्हणजे रायडर बसल्यावर सस्पेन्शन दबतं ते, पुढे 20 टक्के, मागे 30, आधी होता तोच.

ब्रेकचे पॅड नवे, सिंटर्ड धातूचे. ऑरगॅनिक पॅड शांत असतात, पण इथली ओली, दाणेदार रेव ते फार लवकर खाते. नवे पॅड थेट शर्यतीला लावायचे नसतात. पार्किंगमध्ये वेगात येऊन वीसेक वेळा जोरात, पण चाक लॉक न करता ब्रेक दाबून ते बसवले. मग दोन्ही ब्रेक ब्लीड केले, म्हणजे तेलातली हवा काढली. नळीत एक बुडबुडा राहिला तरी तेल तापल्यावर लिव्हर हँडलला टेकते. मागच्या चाकाचे तीन स्पोक सैल निघाले, ते ताणले. हेडसेट, क्राउनचे बोल्ट, रोटरचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. मडगार्ड लावला. चिखल साचतो त्या फ्रेमच्या खाचांत फोम कोंबला. हे सगळं मिजच्या ढगात. मिज म्हणजे तिथले सूक्ष्म चावरे किडे. दोन्ही हातांना तेल लागलेलं असताना ते कानात शिरतात.

संध्याकाळी ग्लासगोहून आलेलं एक कुटुंब दोरीशी थांबलं. मी फोनवर मराठीत बोलत होतो, ते त्यांनी ऐकलं. मूळचे सांगलीचे.

"काका, उद्या पाऊस पडला तर चांगलं की वाईट?" मुलाने विचारलं.

"कधी पडतो त्यावर आहे. नावाजलेले सगळ्यात शेवटी सुटतात. उशिरा पडला तर भिजणार ते."

"मग आधी गेलेला जिंकेल?"

"जिंकू शकतो. खाली हॉट सीटवर, म्हणजे तोवरच्या सगळ्यात वेगवान रायडरच्या खुर्चीवर, बसून राहायचं आणि वर बघायचं."

वडिलांना उभं कुठे राहायचं ते हवं होतं. फिनिशला मोठा पडदा असतो, पण तिथे शेवटच्या उडीशिवाय डोळ्यांसमोर काही घडत नाही. जंगल संपतं तिथे जा म्हटलं, आणि लवकर जा, कारण आठ-नऊनंतर गोंडोलाची रांग हलत नाही. नुसत्या आवाजासाठी साखळी काढलेल्या चेनसॉ (यांत्रिक करवती) घेऊन येणारी मंडळी तिथेच जमतात. मुलाला कानात घालायला काहीतरी द्या, हेही सांगितलं. तिथे नीट ऐकलं तर बरंच कळतं: दगडावर रिम आपटल्याचा कोरडा टणत्कार आला की त्या रायडरची हवा कमी आहे किंवा दगडांतली वाट चुकली आहे.

दुसऱ्या दिवशी पुरुषांत ब्रिटनचा चार्ली हॅटन जिंकला, महिलांत ऑस्ट्रियाची वाली होल, सलग दुसऱ्यांदा. ब्रिटिश प्रेक्षकांच्या आदल्या दिवशीच्या गप्पांत हॅटनचं नाव मी क्वचितच ऐकलं होतं. आमचा रायडर मधल्या गर्दीत कुठेतरी आला, न पडता. मागच्या रिमला दोन पोचे, टायर शाबूत, दाब 26. पुढच्या टायरचे मधले छाटलेले दात सगळे जागेवर होते. कडेचे दोन मुळाशी फाटले होते, दोन्ही उजवीकडचे. जंगलातल्या उजवीकडच्या वळणात तो बाहेरच्या वाटेने गेला असता तर उजव्या कडेला एवढा मार बसला नसता. ते त्याला दाखवलं आणि टायर भंगारात टाकला.