मॉइटी म्हणजे निम्मा की नुसता तुकडा?

बडोद्यात दस्तांची भाषांतरं करून देणं हा माझा धंदा. कचेरीसाठी गुजराती, आणि दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांना वाचता यावं म्हणून मराठी. चतुःसीमा, कब्जा, भोगवटा, तेच ते शब्द. हात आपोआप चालतो. पण एकदा एक काका आणि त्यांचा चुलत पुतण्या चांगलेच तणतणत आले.

कागद बडोदं मुंबई राज्यात होतं तेव्हाचा, म्हणजे 1960 च्या आधीचा. दोन भावांनी मिळून घेतलेला वाडा. काकांच्या वडिलांच्या नावापुढे 'अनडिव्हायडेड मॉइटी'. पुतण्या औषध कंपनीत केमिस्ट. त्याचं म्हणणं, "आमच्याकडे मॉइटी म्हणजे रेणूचा एखादा भाग. निम्माच कशावरून? पावही असेल."

रसायनापुरतं त्याचं बरोबर होतं. काकांच्या खिशातली बीपीच्या गोळ्यांची पट्टीच त्याने पुढे केली: अॅम्लोडिपिन बेसिलेट, अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमइतकं. गोळीत हा क्षार घालतात साधारण 6.9 मिलिग्रॅम. त्यातला रक्तदाबावर काम करणारा भाग तेवढा 5, आणि तीच औषधवाल्यांची 'अॅक्टिव्ह मॉइटी'. म्हणजे क्षाराच्या 72 टक्के. निम्म्याचा काही संबंधच नाही. काकांचा चेहरा उतरला.

कोश उघडून उपयोग नव्हता, कारण त्यात दोन्ही अर्थ आहेत. शब्द मूळचा लॅटिन, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, आणि मुळात 'अर्धा'च. कायद्याने तो अर्थ घट्ट धरला, पुढे रसायनशास्त्राने सैल सोडला. मानववंशशास्त्रात तर जमातीच्या दोन अर्ध्यांना मॉइटी म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी सोयरीक पलीकडच्या अर्ध्यातच करायची असते. (मला हाच अर्थ सगळ्यात आवडतो, त्याचे पैसे मात्र कोणी देत नाही.)

मी दस्तच पुढे वाचत गेलो. तिसऱ्या पानावर सापडलं: 'द अदर मॉइटी', पुतण्याच्या आजोबांच्या नावे. दोघांनाही मॉइटीच, आणि दोन मिळून अख्खा वाडा. आपल्या जुन्या खरेदीखतांत 'निमे' लिहायचे, तेच हे. मी गुजरातीत 'अर्धो वणवहेंचायेलो हिस्सो' लिहिलं, मराठीत 'निम्मा अविभक्त हिस्सा'.

"ठीक आहे, मग रस्त्याकडचा अर्धा कोणाचा?" पुतण्याने विचारलं.

"कोणाचाच नाही. वाटणी होईपर्यंत प्रत्येक विटेत दोघांचा निम्मा."

मग कळलं, त्याने आपल्या वाट्याला बाहेरचं गिऱ्हाईक लावून ठेवलं होतं. कायदा सांगणं माझं काम नव्हे, तरी म्हटलं, वकिलाला 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 विचार. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी घरच्यांबरोबर एकत्र कब्जा मागायचा हक्क त्याला मिळत नाही.

पुतण्या मोबाइल काढून बाहेर गेला. काकांनी मराठी प्रत आणखी एक मागितली, बहिणीसाठी.